खरातकाकांचा हिरवा ठिपका

खरातकाका आमच्या घरी आले की आधी खुर्ची उलटी करतात. चारही पाय, पायांचे सांधे, बुडाखालची पट्टी, सगळं बघून झालं की ती सुलटी ठेवतात, हातानं एकदा दाबतात आणि मग तिच्या अगदी कडेवर टेकतात. पाठ लावायची नाही. एवढी तपासून पास केलेली खुर्ची, पण तिच्यावर रेलायची त्यांची छाती होत नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत त्यांनी उलटी न केलेली खुर्ची नसेल. एका लग्नात ते जेवणाच्या टेबलाचा झालरवाला कपडा वर करून पाय बघत होते, तर वाढप्याला वाटलं काकांचं काहीतरी पडलंय. तोही बिचारा शेजारी ओणवा होऊन शोधायला लागला.

यामागं त्यांची नोकरी आहे. चितेगावच्या एका कारखान्यात त्यांनी जन्म काढला. तिथं ट्रकच्या ब्रेकसाठी हवेच्या टाक्या बनायच्या. टाकीत हवा भरायची, ती पाण्याच्या हौदात बुडवायची आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की रिजेक्ट. खडूनं टाकीवर मोठा 'आर' काढायचा. बुडबुडा नाही आला, तर ब्रशनं हिरवा ठिपका. साहेब लोकांनी किती घाई केली तरी काकांनी ठिपका उगाच दिला नाही आणि 'आर' उगाच मारला नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक अजून सांगतात.

नोकरी संपली, ठिपका सुटला नाही. हिरव्या रंगाची बाटली घरी आली आणि शिडी, शेगडी, दाराची कडी, जे तपासून झालं त्याच्यावर ठिपका पडू लागला. त्यांची मुलगी प्रज्ञा दहावीला माझ्या वर्गात होती. तिच्या सायकलवर ठिपका, दप्तराच्या पट्ट्यावर ठिपका. एकदा कंपासपेटीवर दिसला म्हणून मी विचारलं, हे काय गं? "पप्पांनी पास केलंय, मॅडम," ती म्हणाली. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी पुढं काही विचारलंच नाही. मी गणित शिकवते. सिद्धता दिल्यावरसुद्धा माझ्यावर कुणी एवढा विश्वास ठेवत नाही.

काकांच्या तोंडी दोन गोष्टी कायम असतात. पहिली, 'समजा'. समजा पंखा पडला. समजा ड्रायव्हरला डुलकी लागली. समजा लिफ्टमधी असताना लाइट गेली. माझा नवरा त्यांना माघारी समजाकाका म्हणतो. गणितात 'समजा' म्हटलं की शेवटी उत्तर निघतं. काकांच्या समजाला उत्तर नसतं, त्यातून दुसरं समजा निघतं.

दुसरी गोष्ट, 'पुढचं बघून घ्यावं'. प्रज्ञाचे बूट कायम मोठे, पुढं कापूस कोंबलेला. कुकर दहा माणसांचा. घर बांधलं तेव्हा सगळ्या खांबांच्या सळया गच्चीवर उभ्या सोडल्या, पुढं प्रज्ञासाठी वर खोल्या काढायच्या म्हणून. दर उन्हाळ्यात त्या सळयांना गंज चढू नये म्हणून काका सिमेंटचं पाणी लावतात आणि टोकांवर रिकाम्या बाटल्या पालथ्या घालतात. प्रज्ञा कॉलेजात असताना तिची आई गेली. मग प्रज्ञाही नोकरीला अंदमानात गेली. खाली काका एकटे आणि वर बाटल्या घातलेल्या सळया, असा तो संसार आहे.

प्रज्ञा पोहायला शिकली आजोळी, लासूर स्टेशनजवळच्या मळ्यातल्या विहिरीत. मामानं कमरेला दोर बांधून तिला सोडली होती. तो दोर काकांनी आधी ताणून पाहिला होता हे सांगायला नको. अंदमानला ती गेली हॉटेलच्या नोकरीसाठी, आणि काही दिवसांत हॉटेल सोडून पाण्यात शिरली. आता ती लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली नेते, मासे दाखवते आणि वर आणते. आमच्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. अशा गावची पोर दिवसभर पाण्यात असते, याचं गल्लीला कौतुकही आहे आणि थोडा हेवाही.

काकांना मात्र तिचे व्हिडिओ बघवत नाहीत. एकदा माझ्यापुढं मोबाइल धरून म्हणाले, "आख्खी जिंदगी बुडबुडा दिसला की रिजेक्ट मारला, मॅडम. आन् पोरीच्या तोंडातून बगा, नुसते बुडबुडे."

"काका, तो श्वास आहे तिचा."

"व्हय, मला कळतं. डोळ्याला कळत नाय."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते आले, खुर्ची उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाण्यातल्या. एक सल्ला पाहिजे."

मी सकाळी बायकांच्या बॅचला पोहायला जाते. मान वर, केस कोरडे, आणि पाय टेकतील तिथंच. पण गल्लीत तेवढंही कुणी करत नाही, म्हणून मी पाण्यातली.

प्रश्न असा होता. पाण्याखाली जाणाऱ्याच्या अंगावर एक हवेची पिशवी असते. तिच्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो, आणि बेताची ठेवली की मध्येच तरंगत राहतो. प्रज्ञा आजवर तिथल्या मालकाची वापरत होती. तिची स्वतःची पहिली पिशवी पप्पांनी घ्यायची, असं बापलेकीत ठरलेलं होतं. पण पिशव्या दोन तऱ्हेच्या निघाल्या. एक जाकीट. सगळं एकत्र शिवलेलं, हवा छातीच्या दोन्ही बाजूंना, घातलं की झालं. दुसरीला विंग म्हणतात. तिच्यात पाठीला एक धातूची पाटी, तिला पट्टे, आणि हवेची पिशवी फक्त पाठीमागं. आज एका टाकीला लावा, उद्या पिशवी बदलून दोन टाक्यांना लावा.

"मग जाकीट घ्या की," मी म्हटलं. "सुटसुटीत आहे."

"जाकिटावर पुढं दोन टाक्या लागत नाय."

"दोन टाक्या कशाला लागतात?"

"तेच ना," काका म्हणाले आणि खुर्चीच्या आणखी कडेला सरकले. "पुढं तिला टेक्निकलचा कोर्स करायचाय. लई खोल जातात त्याच्यात, आन् लई वेळ. आन् तिथं समजा काय झालं, तर एकदम वर येता येत नाय. थांबत थांबत यावं लागतं. वर उजेड दिसतो, मॅडम, पन थांबायचं."

"प्रज्ञा काय म्हणते?"

"म्हणती, पुढचं बघून घ्या, पप्पा."

मला हसू आलं. यायला नको होतं. मोठ्या बुटांत कापूस कोंबून चाललेल्या पोरीनं बापाचीच शिकवण बापाला परत केली होती, आणि ज्या पुढच्यासाठी त्यांनी जन्मभर मोठ्या वस्तू घेतल्या, ते पुढचं आता बरंच खोल होतं. जाकीट घेतलं तर मुलगी वरवर राहणार. विंग घेतली तर ती खोल जाणार, आणि तिला खोल पाठवणारी वस्तू बापानंच विकत आणलेली असणार. काकांना सल्ला नको होता. 'जाकीट घ्या' एवढं कुणीतरी ठासून म्हणायला हवं होतं. ते मी म्हणून टाकलं होतं खरं, पण त्यांचं काही समाधान झालं नाही.

पुण्याच्या दुकानदारानं दोन्ही नग पाठवून दिले. एक ठेवा, दुसरा आठवड्याच्या आत परत करा, असं बोलणं झालं होतं. तेव्हापासून काकांच्या बैठकीत जाकीट खुंटीला आणि विंग दिवाणावर. मी एकदा कोथिंबीरवडी द्यायला गेले, तर काका जाकीट घालून, खुर्चीच्या कडेवर बसून पेपर वाचत होते.

"फिटिंग बघू राहिलो," ते म्हणाले.

रोज संध्याकाळी नवी बातमी. मोबाइलवर एक गोरा म्हणतो जाकीट, दुसरा म्हणतो विंग. "ह्यांचंच एकमेकांत पटत नाय, आपन कुनाचं ऐकावं?" मग समजांची रांग. समजा पिशवी फाटली, तर ती लोखंडाची पाटी घेऊन पोर खालीच. समजा हवा भरायचं बटन दाबलेलंच राहिलं, तर एकदम वर.

"वर आली तर चांगलंच ना?"

"एकदम नाय यायचं, मॅडम. एकदम वर आलं तर रगतात बुडबुडे होतात."

त्यांच्या लेखी बुडबुड्याचा अर्थ एकच होता, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 'समजा' लिहिलं आणि हात तिथंच थांबला.

शेवटी आठवडा सरत आला तेव्हा काका म्हणाले, आता तपासून घेऊ. साक्षीला मी. गल्लीच्या तोंडावर रफीकचं पंक्चरचं दुकान आहे. हवेचा कंप्रेसर आहे आणि ट्यूब बुडवायला पाण्याचं मोठं पत्र्याचं टोपलं आहे, म्हणजे काकांच्या दृष्टीनं पूर्ण कारखाना.

रफीकनं विंग हातात घेतली, उलटीसुलटी केली. "काका, ये कौनसी गाडी का ट्यूब है?"

"पोरीचं आहे. समुद्रात घालायचंय."

"समंदर में पंक्चर हुआ तो मेरे कू नक्को बुलाना," रफीक म्हणाला, आणि काकांचा चेहरा बघून मुकाट्यानं नळी जोडायला लागला.

"खाली काय, दगडबी जातो," काका मला समजावत होते. "वर आणायचं काम हिचं. म्हणून तपासायचं."

आधी जाकीट. काकांनी बेतानं हवा भरायला लावली, टोपल्यात दाबून धरलं आणि वाकून बघत राहिले. त्यांना कामावर असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. डोळा हलत नव्हता. गल्लीतून जाणारे लोक थांबून टोपल्यात बघायला लागले. बुडबुडा आला नाही. जाकीट पास.

मग विंग. "भर," काका म्हणाले. रफीकनं भरली. "अजून." पिशवी टम्म फुगली. "अजून भर." रफीक म्हणाला, काका, बस हुआ. काकांनी मानेनंच भर म्हटलं. मागच्या बाजूला दोरी लावलेली एक गोल चकती होती, टोपल्यात दाबल्याबरोबर तिथून बुडबुड्यांची माळ सुटली.

"बुडबुडे येऊ राहिले," काका म्हणाले. "रिजेक्ट." खिशातून खडू काढून त्यांनी त्या काळ्या कापडावर 'आर' काढला.

परत येताना ते चक्क गुणगुणत होते. मी चहाला बोलावलं, तर एका हाकेत आले. पोहे मागून घेतले. खुर्ची उलटी करायला विसरले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. "नशीब तपासलं. समजा तशीच पाठवली असती तर? आता जाकीट पाठवून देऊ. त्याला काय इलाज हाय, मालच खराब निघाला," असं त्यांचं चाललेलं. एवढे खुशीत मी त्यांना प्रज्ञाच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आत माझ्या कुकरची शिट्टी झाली. जोरात, लांबलचक. मी आपली गंमत केली. "काका, हवा सोडतोय. आमचा कुकर पण रिजेक्ट का?"

ते हसले नाहीत. पोह्यांची बशी त्यांनी खाली ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिले. कुकर पुन्हा वाजला आणि मला एकदम उमगलं. हवा जास्त झाली की सोडून द्यायची, नाहीतर फुटायचं, एवढं साधं काम त्या चकतीचं असणार. आणि ज्यानं हवेच्या टाक्यांमध्ये जन्म काढला, त्याला ते पाहिल्याबरोबर कळलं असणार.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"मग?"

"टाकीलाबी असतो सेफ्टी वाल. जास्ती भरली की सोडायलाच पाहिजे. नाय सोडली तर रिजेक्ट." त्यांनी बशी आणखी लांब सरकवली. "मीच जास्ती भरायला लावली. म्हणलं, हिला कामून खोल जायचं असंल? वरच मासे नायत का? जाकीट बरं. जाकिटात राहील वरवर."

या माणसानं साहेबाच्या दबावाखाली कधी खोटा ठिपका दिला नव्हता. भीतीच्या दबावाखाली पहिला खोटा 'आर' मारला होता. रागवावं तर कशावर? ती माझी मुलगी असती तर मी आख्खी विंगच पंक्चर केली असती.

त्याच वेळी त्यांचा मोबाइल वाजला. प्रज्ञाच. मागं वारा आणि बोटीचं इंजिन ऐकू येत होतं.

"पप्पा, जयभीम. तपासलं का?"

"जयभीम बेटा. तपासलं."

"काय निघालं?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी त्या वेळी पोह्यांच्या बशीकडे बघितलं. तेवढी हिंमत माझ्यातही नव्हती.

"बोला ना, पप्पा. तुम्ही विंग रिजेक्ट म्हणालात तर मी नाही घेणार. इथं सगळे हसतात मला. म्हणतात, एवढे मोठे ब्रँड आणि हिला बापाचा ठिपका पाहिजे. मी म्हणते, तुमच्या वस्तूवर ठिपका नाही, हा तुमचा प्रॉब्लेम आहे."

"थांब," काका म्हणाले. "एकदा परत बघून सांगतो." आणि फोन ठेवला. चहा तसाच टाकून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला मी गच्चीवर गेले, तर पलीकडं त्यांच्या गच्चीवर काका मांडी घालून बसलेले. मांडीवर विंग. ओल्या फडक्यानं ते 'आर' पुसत होते. खडू कापडात चांगलाच बसला होता, ते पुन्हा पुन्हा घासत होते. बाजूला हिरव्या रंगाची बाटली.

"काका, रंग लावला की दुकानदार परत घेणार नाही," मी कठड्यावरून म्हटलं.

"म्हणून तर लावू राहिलो." त्यांनी मान वर केली नाही. "रातभर इचार केला, मॅडम. समजा ती खाली गेली, आन् समजा घाबरली. तवा तिच्याजवळ काय हाय? हा ठिपकाच हाय ना. आज मी खोटा रिजेक्ट मारला, तर उद्या माझा पास कोन खरा मानंल? ती मानंल बी. पन मला माहीत राहील ना."

मग त्यांनी ब्रश बुडवला, बाटलीच्या काठाला निथळला आणि खांद्याच्या पट्ट्यावर ठिपका दिला. ठिपका गोल आला. वाळेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. भोवती त्यांच्या त्या सळया, टोकांवर बाटल्या घातलेल्या. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली, आणि ती बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी चहा पाठवला. जाकीट पुण्याला गेलं. विंग अंदमानला.

कोर्स सुरू झाला. पहिल्या खोल बुडीचा दिवस प्रज्ञानं आधीच कळवला होता. सकाळी पाण्यात उतरणार, वर आले की मेसेज करते, म्हणाली. रविवार होता. काका सकाळीच आमच्याकडे आले. "घरी एकट्यानं घड्याळ लई मोठं वाजतं," एवढंच बोलले. खुर्ची उलटी केली, सुलटी केली, कडेवर बसले. मोबाइल दोन्ही हातांत धरलेला, चहासाठी एक हात सोडवेना.

मी भाजी निवडायला घेतली. नवरा पेपर वाचत होता, म्हणजे एकाच पानावर होता. काका एकदाही 'समजा' म्हणाले नाहीत आणि त्यानं मला जास्तच भीती वाटायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "थांबत थांबत येत असेल."

"व्हय. थांबायला पाहिजे," काका म्हणाले. "एकदम नाय यायचं." त्यांचे ओठ हलत होते. तिचे थांबे ते इथं बसून मोजत असावेत. ऊन खिडकीतून सरकून त्यांच्या पायांशी आलं, तरी मेसेज नाही. मेथीच्या काड्या मी पानांत टाकत होते आणि पानं कचऱ्यात, हे मला नंतर कळलं.

मोबाइल वाजला तेव्हा काकांना तो उघडता येईना. मी त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"वर आले पप्पा. ठिपका पण आला."

"परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचला. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. मग त्यांच्या अंगातला सगळा ताठपणा गेला आणि ते हळूहळू मागं रेलले. पाठ खुर्चीला लागली. खुर्ची करकरली, जरा जास्तच करकरली, आणि मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.